पाठमोरा जावई

पुढचं चाक वाळूत रुतलं, खुर्ची कलंडली आणि मॉडी नदीच्या कोरड्या पात्रात उजव्या कुशीवर पडली. अर्धांगाच्या झटक्यानंतर ती बाजू तिच्या ताब्यात नव्हती. सावरायला तिला हात टेकता आला नाही.

खुर्ची ढकलत होती फियोना. शहरातल्या कार्यालयातून ती कालच आली होती. मॉडीला वाळवंटातल्या तिच्या आदिवासी गावात ठेवायचं, की चारशे किलोमीटरवरच्या निवासी केंद्रात न्यायचं, याचा अहवाल तिला लिहायचा होता. गावातल्या बायकाच चालवत असलेल्या मदतकेंद्राची प्रमुख व्हर्ना तिला मुद्दाम सोबत घेऊन आली होती. महिन्यातून एकदा मॉडीला तिच्या आईच्या या मुलखात आणायचं, झाडाखाली चहा करायचा, तिला तिची गाणी म्हणू द्यायची, हे केंद्राचंच काम होतं. सरकारी कागदांत त्याला रकाना नव्हता. आता व्हर्ना जमिनीखालच्या, पोटात मध साठवणाऱ्या मधमुंग्या खणायला टेकाडापलीकडे गेली होती.

फियोनाने मॉडीच्या काखेत हात घालून जोर लावला. जड अंग हललं नाही. वाळूचे चटके बसत होते.

"ऑल्विन!" ती ओरडली. "इकडे या! लवकर!"

गाडी चालवणारा ऑल्विन चाळीस पावलांवर निलगिरीच्या बुंध्याशी उभा होता. पन्नाशीचा, भारदस्त अंगाचा माणूस. हाक ऐकताच त्याचं पाऊल पुढे पडलं आणि तिथेच थांबलं. मग त्याने पाठ फिरवली.

"अहो, पडल्यात त्या! दिसत नाही का तुम्हाला?"

"डोकं आपटलं का?" त्याने झाडाकडे तोंड करून विचारलं.

"नाही, पण..."

"श्वास नीट आहे? रक्त?"

"कोपर खरचटलंय. तुम्ही येताय की नाही?"

तो गाडीकडे धावला. इंजिन सुरू झालं. फियोनाला वाटलं, हा चक्क निघाला. पण गाडी मोठा वळसा घेऊन माणसाच्या चालीने परत आली आणि त्यांच्यापासून तीन-चार हातांवर थांबली. त्यांच्या बाजूचा आरसा त्याने मिटून घेतला होता.

"सावली कुठवर आली?" आतून आवाज आला.

"काय?"

"गाडीची सावली, बाई. तोंडावर आली का?"

फियोनाने खाली पाहिलं. "नाही. कमरेपर्यंत."

गाडी हातभर सरकली. "आता?"

"अजून थोडी... हां. आता आली."

तो पलीकडच्या दाराने उतरला. गाडीखालून पाण्याचा कॅन सरकत फियोनाच्या पायाशी आला. पाठोपाठ उशी आली. मग तो व्हर्नाच्या नावाने हाका मारत, एका गुडघ्यात लंगडत, टेकाडाच्या दिशेने पळत सुटला.

मॉडीने डाव्या हाताने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला होता. ती रडतेय, असं फियोनाला वाटलं.

"गेला?" रुमालाआडून प्रश्न आला.

"गेला."

मॉडीने रुमाल काढला. डोळे कोरडे होते. "पाणी दे. आणि वाळूत खुर्ची ढकलतात का गं कधी? उलटी करून ओढायची असते. एवढं शिकलीस, हे नाही कोणी शिकवलं?"

व्हर्ना धापा टाकत आली. दोघींनी मॉडीला ताडपत्रीवर घेतलं, मग खुर्चीत बसवलं. ऑल्विन टेकाडावरच थांबला होता, पाठमोरा.

"हे मला लिहावं लागेल," फियोना म्हणाली. "माणूस पडलेलं असताना मदतनीस पाठ फिरवतो!"

"तो तिचा जावई आहे," व्हर्ना म्हणाली. "सासूचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिला शिवायचं नाही. हा आमच्यातला मान आहे. लग्न झाल्या दिवसापासून दोघं पाळतात."

"आणि डोकं फुटलं असतं तर?"

"तर आला असता. उचललं असतं. आणि मग दोघं जन्मभर त्या लाजेत राहिली असती." व्हर्नाने मॉडीच्या कोपरावरची वाळू फुंकली. "म्हणून तर त्याने आधी विचारलं तुला."

फियोना टेकाडाकडे बघत राहिली.

सात आठवड्यांनी पत्र आलं. व्हर्नाने ते केंद्राच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. मॉडीने गावातच राहावं. केंद्राला आणखी तीन वर्षांची मंजुरी. आणि एक खास शिफारस: नात्याचा मान राखता यावा म्हणून मॉडीसाठी ऑल्विनऐवजी बाई ड्रायव्हर नेमावी.

"चांगली निघाली गं बाई," व्हर्ना म्हणाली. "सगळं समजून लिहिलंय. मावशी, तुलाही सोपं होईल."

मॉडीने झग्याची चुणी डाव्या हाताने सारखी केली. पुन्हा केली.

"माझी पोर गेली त्याला नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. मुलीचं नाव तिने घेतलं नाही. गेलेल्याचं कोणीच घेत नसे. "हा उत्तरेला आपल्या माणसांत निघून गेला असता, तर कोणी बोट दाखवलं असतं?"

"नाही."

"नाही ना? पण गेला नाही. कुठल्या खड्ड्याला माझ्या पाठीत कळ निघते, ते त्याच्या पायाला माहीत आहे. आता मला बघत बघत नेणारं माणूस कशाला हवंय?"

व्हर्नाने पत्राची घडी घातली आणि ती ओट्याला वळसा घालून मागे गेली. ऑल्विन गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. इतक्या जवळ, की ओट्यावरचं बोलणं ऐकू यावं.

"काय म्हणतंय पत्र?" त्याने विचारलं.

"मावशी इथेच राहणार."

"आणि?"

"आणि गुरुवारी तिला दवाखान्यात न्यायचंय. मागचं टायर बघून ठेव."

"बघितलंय," तो म्हणाला आणि पुन्हा इंजिनावर वाकला. व्हर्ना जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.