चोवीस नंबरवर बाबा

चार गिटारवाल्यांना एका यंत्राबद्दल विचारलं तर पाच मतं मिळतात, हे नरहरीराव काळमेघांना गेल्या आठ महिन्यांत पुरतं कळलं होतं. त्यांना स्वतःला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सारी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून गेली, आणि तिथे वाजवायचं वाद्य एकच, शिट्टी. तरी दर रविवारी सकाळी रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या त्यांच्या घरी कोणी ना कोणी पाठीवर गिटार अडकवून यायचा, पोहे खायचा, यंत्र वाजवून पाहायचा आणि मत देऊन जायचा. यंत्र घेऊन मात्र कोणी जात नसे. नरहरीरावांनी जुन्या सामानाच्या ॲपवर किंमतच अशी टाकली होती की घेणाऱ्याने चार हात लांब राहावं.

यंत्र म्हणजे गिटार आणि स्पीकर यांच्या मधे जोडायची एक लोखंडी पाटी, दीड-दोन हात लांब. तिच्यावर ओळीने बटणं, उजव्या टोकाला वरखाली होणारी एक रुंद पट्टी, आणि मधोमध जाळीआड काचेचा एक व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचा तसला. यंत्र सुरू केलं की व्हॉल्व्ह केशरी उजळायचा. गिटारचा आवाज त्यातून तापून निघायचा आणि यंत्र मग नाना तऱ्हेच्या मोठमोठ्या ॲम्पची नक्कल करायचं. आवाजाची एखादी मांडणी मनासारखी जमली की तिला नाव देऊन नंबरावर ठेवून देता येई. पोरं तिला पॅच म्हणत. निरंजनने असे चोवीस पॅच करून ठेवले होते.

निरंजन हा नरहरीरावांचा एकुलता एक मुलगा. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, दुपारच्या पाळीला होता. दोन वर्षांपूर्वी त्याला कावीळ झाली आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

येणाऱ्यांना यातलं काही सांगितलं जात नसे. "मुलगा बाहेर असतो," एवढंच नरहरीराव म्हणत, आणि कुमुदताई तोंड फिरवून स्वयंपाकघरात जात.

चोवीस पॅचना चोवीस नावं होती, छोट्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटणारी. 'उरला', म्हणजे शहराबाहेरची ती कारखान्यांची वस्ती, लावला की पत्रा कापल्यासारखा कर्कश आवाज. 'तलाव' लावला की सूर पाण्याखालून आल्यासारखे. तेविसावा 'आई' होता. तो इतका स्वच्छ आणि गोड की पहिल्यांदा वाजला तेव्हा कुमुदताई हातातली कढई तशीच ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आणि चोविसावा, शेवटचा, 'बाबा'. तो लावला की काहीच वाजत नसे. तारा छेडा, ओरबाडा, स्पीकर गप्प.

नरहरीराव आठ महिने ज्याच्यामागे लागले होते ते हेच. पोराने आपल्या नावावर ही शांतता काहून ठेवली?

काहून, ते त्यांना माहीत होतं असं त्यांना वाटत होतं. म्हणून तर कोणीतरी दुसरंच काही सांगावं याची ते वाट पाहत होते. आठ वर्षांपूर्वी एके सकाळी ते रात्रपाळी करून आले, साडेनवाला आडवे झाले, आणि दहाला बाहेरच्या खोलीत हे यंत्र गरजलं. ते उठून आले तर पोरगा उभा, आणि पायाने यंत्राची बटणं दाबतोय. झोपमोडीपेक्षा त्या पायाचाच राग जास्त आला असावा. वाद्याला कोणी पाय लावतं? नरहरीरावांनी भिंतीतला प्लग ओढून काढला आणि म्हणाले, "मी मेल्यावर वाजव हे सारं."

निरंजनने गिटार भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर सहा वर्षं त्या घरात गिटार मोठ्याने वाजली नाही. आणि मग जो वाजवायचा तोच गेला. बोललेला शब्द असा उलटून अंगावर आला की नरहरीरावांना तो रोज नव्याने ऐकू यायचा.

दुसरं एक दुखणं होतं, ते त्यांनी फक्त कुमुदताईंना सांगितलं होतं. दिवसाची झोप गेली होती. पस्तीस वर्षांची सवय; रिटायर झाले तरी सकाळी दहाला डोळे जड होत, पण झोप लागत नसे. आधी कसे ढाराढूर झोपायचे. झोपेतसुद्धा गाडी चालू असायची, रुळावरून संथ, एकही हिसका न देता. "झोपेतही ड्यूटीच करून राहिलो मी," असं ते हसत म्हणायचे. निरंजन गेला त्या महिन्यापासून ती गाडी थांबली. आता आडवं झालं की वाटायचं, बाहेरच्या खोलीत कोणीतरी नुकतंच काहीतरी बंद केलंय. ते उठून बघायला जात. खोलीत कोणी नसे. यंत्र चौरंगावर असायचं, विझलेलं.

चौरंग नरहरीरावांनीच आणला होता. तेराव्यानंतर त्यांनी यंत्र जमिनीवरून उचललं, पुसलं, खाली लाल कापड घालून चौरंगावर ठेवलं, स्पीकरला जोडून. रोज अंघोळ झाली की त्यावर एक फूल ठेवत. फूल ठेवायला उजव्या टोकाची ती रुंद पट्टी बरी पडायची. येणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नसे. दसऱ्याला स्कूटरलाही हार घालणारी माणसं आपण. ते फुलाला धक्का न लावता, हाताने बटणं दाबून, अदबीने वाजवत.

मतं मात्र अदबीची नव्हती.

उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करणारा आणि देवीच्या जगरात्यात रात्रभर भजनांना गिटार वाजवणारा दयाराम म्हणाला, "कका, मशीन नहीं, लोहा है लोहा. जनरेटर का करंट ऊपर-नीचे होगा तो बाकी सब बैठ जाते हैं, ये नहीं बैठेगा." आवाज कसा आहे असं विचारल्यावर तो हसला. जगरात्यात आवाज कोण ऐकतं?

पराग म्हणून एक पुण्याचा पोरगा, नव्या रायपुरात नोकरीला आलेला. त्याने अर्धा तास व्याख्यान दिलं. व्हॉल्व्ह निव्वळ शोभेला आहे, हे तंत्र वीस वर्षं जुनं, आता फोनमध्ये याच्या दसपट चांगलं मिळतं. वर हेही सांगितलं, "आणि काका, तो केशरी उजेड व्हॉल्व्हचा नाहीये. मागे एक बारका दिवा लावलाय." नरहरीरावांना ते लागलं. रोज ते त्या उजेडाकडे बघत बसायचे.

क्लास चालवणाऱ्या विशालने बरोबर उलटं सांगितलं. दिवा असेल खोटा, व्हॉल्व्ह खरा आहे. हळू छेडलं तर आवाज मऊ राहतो, जोरात मारलं तर फाटतो, बोटाचं मन कळतं याला. नरहरीरावांनी त्याला पोह्यांची दुसरी बशी दिली.

चोवीस नंबर मात्र सगळ्यांना दाखवून झाला होता. पराग म्हणाला, रिकामा आहे. विशाल म्हणाला, बिघडला असेल. आणि दयाराम मजेत म्हणाला, "हव, ये तो सब रखते हैं कका. म्यूट. दो गाने के बीच में चुप कराने के लिए. घर में बाबूजी आ गए होंगे, तो यही दबाता होगा."

त्या रविवारी नरहरीराव जेवले नाहीत.

"बस झालं आता," कुमुदताई म्हणाल्या. त्या सिंचन खात्याच्या ऑफिसात होत्या, दहा ते साडेपाच, आणि बोलायला लागल्या की फाईल निकालात काढल्यासारखं बोलत. "काय उत्तर पाहिजे तुम्हाले, ते आधी ठरवा. मग विचारा लोकांले."

"त्याच्या मनात काय होतं ते पाहिजे."

"ते तो जिवंत असताना विचारायचं होतं."

हे खरं होतं.

देवयानी आली ती श्रावण संपता संपता, एका रविवारी अकराच्या सुमाराला. रेल्वेतल्याच एका मराठी घरातली मुलगी, शाळेत गिटार शिकवणारी. चपला दाराबाहेर काढून आत आली, चौरंगाकडे पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"काका, ये ऊपर क्यों रखा है?"

"मग कुठे ठेवू?"

"नीचे. पायाचं मशीन आहे हे."

"हातानं दाबतात सगळे. वाजते."

ती खाली बसून हाताने वाजवू लागली. उरला, तलाव, आई. मत देण्याची घाई नव्हती तिला. तिने प्रत्येक पॅच दोन-दोनदा वाजवला आणि एकदा स्वतःशीच म्हणाली, "सेटिंग किसी ने बहुत टाइम देकर की है." मग चोवीस आला. तारा छेडल्या. काही नाही. नरहरीराव खुर्चीच्या कडेवर सरकले. आता ही पण म्हणणार, रिकामा.

देवयानी पडद्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिली. बटणाने एक पान पुढे गेली, आणखी एक. "खाली नहीं है काका. भरा हुआ है," ती म्हणाली. "पट्टीवर ठेवलाय आवाज. हर पैच में ये पट्टी अलग काम करती है. इसमें पूरा वॉल्यूम इसी पे है. पट्टी मागे असली तर झिरो." तिने फुलाकडे बोट केलं. "आणि ही तर मागेच आहे."

नरहरीराव फुलाकडे बघत राहिले. सकाळीच ठेवलेलं जास्वंद. दोन वर्षं रोज त्यांनी हातानेच तिथे फूल ठेवलं होतं, पट्टीला धक्काही लागू न देता.

"भैया को फोन करके पूछ लो, कसं वाजवायचे ते."

"तो नाही आता," नरहरीराव म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले. "दोन वर्षं झाली."

दारात कुमुदताई येऊन उभ्या होत्या. देवयानीने गिटार मांडीवरून बाजूला ठेवली. 

"काका, मग खाली ठेवू का याले? पाय लावल्याशिवाय बरोबर समजणार नाही. थोडी थोडी उघडावी लागते, हात तो दोनों गिटार पर रहते हैं." मग जरा थांबून, "तुमची मर्जी. नको म्हणाल तर नको."

नरहरीरावांच्या डोळ्यांपुढे तो पाय आला, निरंजनचा, यंत्रावर ठेवलेला, त्या सकाळचा. देवाच्या जागी ठेवलेली वस्तू उचलून परक्या पोरीच्या पायाखाली द्यायची? ते उठले. फूल उचलून त्यांनी कुमुदताईंच्या हातात दिलं, यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि फरशीवर, पूर्वी असायचं त्या जागी ठेवलं. देवयानीने वाकून यंत्राला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग अनवाणी पाय पट्टीवर टेकवला.

तिने तार छेडली आणि पाऊल हळूहळू पुढे दाबलं. सूर कुठे सुरू झाला ते कळलंच नाही. तार छेडल्याचा टणत्कार नाही, काही नाही. नुसता खर्जातला एक सूर खोलीत होता, आणि तो जरा वेळाने स्वतःचीच आठवण काढल्यासारखा पुन्हा येत होता, पुन्हा, ठराविक अंतराने. देवयानीने पट्टी पूर्ण दाबली. आवाज फारसा वाढला नाही.

"इतकाच आहे," ती वाजवता वाजवताच म्हणाली. "पूरा दबाने पर भी इतना ही. त्याने वरून बांधून ठेवलाय. बाजूच्या खोलीत कोणी झोपलं असेल तर उठू नये, असा."

नरहरीरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. हा आवाज त्यांनी ऐकला होता. जागेपणी एकदाही नाही. पण सहा वर्षं रोज, दहापासून दीडपर्यंत, रुळावरून संथ, एकही हिसका न देता. आपण ज्याला गाडी म्हणत होतो ती गाडी नव्हती. कुमुद ऑफिसात, हे झोपेत, आणि पोरगा बाहेरच्या खोलीत पायाने पट्टी धरून बसलेला, बापाच्या झोपेच्या बरोबर खाली आवाज ठेवून. दीड वाजता तो ड्यूटीला निघायचा. दोनला यांना जाग यायची, तेव्हा घर शांत असायचं.

"कुमुद," ते म्हणाले. रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही.

देवयानी थांबली. सूर दोन-तीनदा आपणच आला आणि विरला. तेवढ्यानेही खोली भयंकर रिकामी झाली. नरहरीराव दचकून सरळ झाले.

"थांबू नको, पोरी. अजून वाजव. तुले घाई आहे का?"

"नाही काका."

"मी आत जरा पडतो." ते आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "झोप लागली मले, तर हळूच बंद कर. मले समजू नको देऊ."

कुमुदताईंनी विचारलं, "दार ओढून घेऊ?"

"नको. राहू दे उघडं."

ते कूस वळून पडले. बाहेर पोरीने पाऊल पुन्हा पुढे दाबलं असावं, कारण गाडी निघाली. डोळे जड झाले. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. निरंजन ड्यूटीला निघायला अजून तासभर होता.