डावीकडची खुर्ची

ताटाचा उजवा अर्धा भाग रिकामा झाला की यांचा हात थांबतो. चमचा कडेला टेकतो, एकदा वाजतो, आणि माझा नवरा म्हणतो, "झालं माझं." डाव्या अर्ध्यात भात, बटाटे, वाटाणे तसेच असतात. मधली सीमा पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. मग मी ताट अर्धा फेरा फिरवते. "अरेच्चा, हे कुठून आलं?" असं हे पूर्वी विचारायचे. आता विचारत नाहीत. मुकाट्याने उरलेलं जेवतात.

सहा वर्षांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा काही काळ तुटला आणि यांचं डावीकडचं दिसणं गेलं. डोळे दोन्ही शाबूत आहेत. लोकांना वाटतं तिकडे अंधार असेल. पण अंधारही दिसावा लागतो. आपल्याला आपल्या पाठीमागचं दिसत नाही आणि त्याची रुखरुखही नसते, तसं यांना डावीकडचं आहे. हे मी नीट सांगू शकते, कारण डोळे तपासणं हेच माझं काम.

चष्म्याचं दुकान मुळात यांचं. पुढच्या खोलीत डोळे तपासायचे, मागच्या खोलीत हे काचा घासायचे. शिक्षण संपवून मी तिथे नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि हे शेहेचाळीसचे. वर्षभरात लग्न झालं. माझ्या आईने अंथरूण धरलं. वडील एवढंच म्हणाले, "पोरी, हिशेब कर." हिशेब मी केलाही. शेहेचाळिसात तीस मिळवले की शहात्तर होतात हे मला तेव्हाही येत होतं. शहात्तर म्हणजे काय, ते येत नव्हतं.

आमची एकुलती एक मुलगी आता अठ्ठावीसची आहे. बांधकाम खात्यात नकाशे काढते. त्याच खात्यात पुलांना कुठे तडे गेलेत का ते तपासणारा एकजण आहे, एक्कावन्न वर्षांचा. पहिलं लग्न कधीच मोडलेलं, मूलबाळ नाही. सहा महिन्यांपूर्वी तिने आम्हाला सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी.

"पूलवाला?" हे म्हणाले. "म्हणजे पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलेलं असणार."

ती हसली. मीही हसले. तो विनोद आम्हाला आठवडाभर पुरला, आणि मग विषय तिथेच अडकला. माझ्यापाशी आली की मी म्हणायची, "बाबांची तब्येत बघतेस ना? जरा थांब." यांच्यापाशी गेली की हे म्हणायचे, "घरातले निर्णय तुझी आई घेते. मी फक्त मोठ्याने श्वास घेतो."

"आई, तू तरी असं बोलावंस?" ती मला विचारायची. "तू काय केलंस मग?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं. मैत्रिणी जरा मोकळ्या होऊन फिरायला निघाल्या त्या वयात मी एका मोठ्या माणसाला अंघोळ घालायला शिकले. त्याच माणसावर माझा अजून जीव आहे, आणि म्हणूनच ते जास्त जड जातं. झोपेत कूस बदलताना मी आधी त्याचा श्वास ऐकते. त्याच्यानंतरची माझी वर्षं मला आत्तापासून समोर दिसतात, रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडाव्यात तशी. हे सगळं तिला सांगायचं होतं. पण घर आमचं तीन खोल्यांचं. इकडे चमचा पडला तर तिकडे कळतं. ज्याच्याबद्दल सांगायचं तो भिंतीपलीकडे बसलेला असताना कुठल्या तोंडाने सांगणार?

संध्याकाळी आम्ही दोघं त्याबद्दल बोलायचो. मी कपड्यांच्या घड्या घालायला घ्यायची आणि यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसायची.

"माणूस वाईट नाही म्हणे," मी म्हणायची.

"नसेल."

"मग काय करायचं?"

"तू सांग."

"बघू."

आवाज सरळ ठेवणं मला जमतं. दुकानात दिवसभर तेच करते. चेहरा सरळ ठेवणं जमत नाही. डावीकडे बसलं की त्याची गरज नसायची.

मग एके दिवशी मुलगी म्हणाली की त्याची बदली झालीय, दूर कुठेतरी नवा मोठा पूल होतोय तिथे, आणि महिनाअखेरीस दोघं जाणार. "रविवारी त्यांना जेवायला आणतेय. त्या दिवशी मला उत्तर हवं. नाही म्हणालात तरी मी जाणार, ते लपवत नाही. पण 'बघू' ऐकून मी या घरातून बाहेर पडणार नाही. काय असेल ते तोंडावर सांगा."

रविवारी मी टेबल मांडलं आणि पाहुण्याची खुर्ची यांच्या डावीकडे ठेवली. का ठेवली ते मला पुरतं माहीत होतं. कानशिलावरचे पांढरे केस, बसताना गुडघ्यावर टेकणारा हात, हे यांना दिसायला नको होतं. त्याला बघितलं की यांना स्वतःची आठवण येणार, आणि पाठोपाठ माझी.

तो आला. बूट दारापाशी जोडीने ठेवले, संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली, आणि अडखळला. मला काय म्हणायचं हे त्याला कळेना. 'काकू' तोंडातून निघेना, 'ताई' म्हणावं तर नातं भलतंच व्हायचं. शेवटी मला काहीच न म्हणता त्याने सगळं जेवण पार पाडलं. यांना मात्र 'सर' म्हणाला.

"पुलाला आतून तडा गेलाय हे कसं कळतं हो?" यांनी समोर बघत विचारलं.

"बघून. आणि काही ठिकाणी हातोडीने ठोकून. चांगलं लोखंड खणखणतं. आतून गेलेलं बद्द वाजतं."

"आमच्या घरात कुणाला ठोकू नका म्हणजे झालं."

तो मोकळेपणाने हसला. दोष काढावा असं त्याच्यात मला काही सापडेना, आणि त्याचाच मला राग येत होता. सापडलं असतं तर काम सोपं होतं.

जेवता जेवता यांना डोळ्यांत घालायच्या थेंबांची आठवण झाली. नवी बाटली टेबलावरच होती. "किती वेळा घालायचे ते वाचा हो. अक्षरं कसली, मुंग्या चालल्यात त्यावर." त्याने बाटली घेतली, खिसा चाचपला. चष्मा घरी राहिला होता. मग त्याने बाटली लांब धरली, आणखी लांब धरली, आणि हात संपला.

"आईचा लाव," मुलगी म्हणाली आणि माझा चष्मा तिने त्याच्याकडे सरकवला.

त्याने लावला आणि एका दमात वाचून दाखवलं. बाटली पुढेमागे केली नाही, डोळे बारीक केले नाहीत. माझा नंबर मीच काढलेला आहे. माझ्या वयाच्या माणसाला जवळचं वाचायला लागतो तेवढा. काच रुमालाने पुसून त्याने चष्मा परत दिला.

"अगदी स्वच्छ दिसतं."

"दिसणारच," मी म्हटलं.

तेवढ्यात यांचा चमचा ताटाला टेकला. "झालं माझं."

मुलगी त्याच्याकडे बघून कशावर तरी हसत होती. हसता हसता, मान न वळवता, तिने हात लांब केला आणि ताट फिरवलं. पाण्याचा ग्लासही उजवीकडे सरकवला. बोलणं तुटलं नाही. बावीस वर्षांची असल्यापासून करतेय ती हे. ती कॉलेजातून यायची, दप्तर ठेवायची आणि आधी बाबांचं ताट फिरवायची. मी त्या हाताकडे बघत राहिले. तोच हात मला दुसऱ्या एका घरातल्या टेबलावर दिसला, शिरा वर आलेला, आणि त्याच्यामागे हसणं नव्हतं.

संत्री सोलायला म्हणून मी आत गेले. ती मागोमाग आली.

"त्यांना डावीकडे का बसवलंस?"

"उजवीकडे ऊन येतं."

"पडदा ओढलेला आहे, आई."

मी संत्रं सोलत राहिले.

"घरी बोलावून लपवतेस त्यांना. त्यापेक्षा नका येऊ म्हणायचंस."

"हळू बोल."

"हेच. या घरात सगळं हळू." तिने डोळे मनगटाने पुसले. "सांगू? तुला नाही म्हणायचंय. आणि तू बाबांना घाबरतेस."

"बाबांना कशाला घाबरू ग?"

"मग कशाला घाबरतेस?"

मी एक फोड बी काढून तिच्या तळहातावर ठेवली, ती लहान असताना ठेवायची तशी. तिने ती खाल्ली नाही. हातात धरूनच बाहेर गेली.

बशी घेऊन मी तिच्या मागून आले, तर हे मान वळवत होते. दिसत नाही तिकडे मान न्यायची, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, हा व्यायाम मीच शिकवलेला. एरवी कंटाळा करतात. आज हनुवटी खांद्याला टेकली होती आणि हे त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ. तोही हलला नाही. तपासून घ्यायला आल्यासारखा बसून राहिला.

"केस माझ्यापेक्षा जास्त आहेत," हे शेवटी म्हणाले.

"तेवढेच उरलेत, सर."

"पुढचा विचार केलाय?"

"केलाय. म्हणून तर वर्षभर तिला नाही म्हणत होतो."

"मीही म्हणत होतो. नाही म्हणायचो, आणि रोज दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात यायचो."

त्याने मान खाली घातली. यांनी आपली मान हळूहळू सरळ केली.

"ठमे," हे मुलीला म्हणाले. शाळेत जाऊ लागल्यापासून तिने हे नाव बंद करायला लावलं होतं. "मला विचारू नकोस. मला विचारलंस तर मी म्हणेन, कर. मला पुन्हा तरुण केलं, तर मी पुन्हा त्याच दुकानात त्याच मुलीला मागणी घालीन. माझं काय गेलं त्यात? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊ नयेत. हिला विचार."

"तिला विचारलंय, बाबा. ती बघू म्हणते."

"कुठे आहे ती?"

मी त्यांच्या डावीकडेच होते, पाहुण्याच्या खुर्चीमागे, बशी धरून. "इथेच आहे मी."

"ते ऐकू येतंय. सहा वर्षं ऐकतोय." हे समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "औषधाचं काही असलं की उजवीकडे बसतेस. दुकानाचं असलं की उजवीकडे. आणि काही जड असलं की डावीकडे, मांडीवर कपडे घेऊन. तुझ्या शिक्षणाला मी मानतो. पण दुकान माझं होतं बाई. मला अर्धं दिसत नाही, समजतं सगळं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मला बशी कुठे ठेवावी ते सुचेना.

"अहो, तुम्ही जरा पडता का आत? मी बोलते तिच्याशी."

"नाही. माझ्यासमोर बोल. इकडे ये. मला दिसशील अशी बस, आणि सांग तिला."

पाहुणा उठू लागला. "मी बाहेर थांबतो."

"बसा," हे म्हणाले. "तुम्हीही ऐका."

मी बशी ठेवली. टेबलाला वळसा घालून उजवीकडे आले आणि खुर्ची ओढली. पडदा खरोखरच ओढलेला होता. मी बसले. यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच राहिली. मी मान वळवली नाही. चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही. यांना दिसत होतं.

"मला कधी पश्चात्ताप..."

"ते आपलं आपण नंतर बोलू," हे म्हणाले. "आधी तिचं." त्यांनी हात माझ्या मनगटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

मुलगी समोर उभी होती. एका हाताने तिने त्याच्या खुर्चीची पाठ धरली होती. दुसऱ्या हाताच्या मुठीत ती संत्र्याची फोड अजून होती, आणि रस बोटांवरून खाली येत होता.

"नको करूस, बाळा," मी म्हटलं. "माझा होकार नाही."