एका बटणामागे

मी एक जुना राखणदार आहे, मित्रांनो. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही. संगणकावर ब्राउझर उघडला की वरच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढं चिन्ह दिसतं ना, तो मी. मला एक्स्टेंशन म्हणतात. नाव जड, जीव एवढासा.

दोन मैत्रिणींनी एका खोलीत, गार झालेला चहा पुन्हा पुन्हा गरम करत मला घडवलं. कामं दोन दिली. फसवं पान उघडलं की लाल पट्टी लावायची, आणि कुणी पानावर काही लिहिलं तर ती पिवळी चिठ्ठी तिथेच जपायची. दोन्ही कामांना बटण मात्र एकच. ही काटकसर मला पुढे भोवली.

मी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या घरी आलो. त्यांच्या पत्नी निवृत्त शिक्षिका. तपासायला वह्या उरल्या नव्हत्या, म्हणून बाई इंटरनेटची पानं तपासायच्या. सुट्या भागांच्या पानावर लिहायच्या, "हा पट्टा आपल्या मशीनला बसत नाही. चष्मा लावून मापं वाचा." मिस्त्री दुकानातून आले की चिठ्ठ्या वाचून गालात हसायचे. लाल पट्टी दिसली की मात्र वैतागायचे. बाई म्हणायच्या, हा आहे म्हणून मी निर्धास्त आहे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग बाई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. मिस्त्री कुठलंही पान उघडायचे, तर तिथे बाई. एके सकाळी त्यांनी माझं बटण बंद केलं. चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या. त्यांना तेवढंच हवं होतं. लाल पट्टीही त्याच बटणाबरोबर गेली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून मी कोंडलेला आहे. सगळं दिसतं, पण तोंड बांधलेलं. गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी ईमेलचं म्हणून एक खोटं पान उघडलं. मी आतल्या आत तडफडलो. त्यांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड लिहून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने गिऱ्हाइकांना भलतेसलते निरोप गेले. चाळीस वर्षं शब्दाला जागलेला माणूस, पार खचला.

मुलगा आला, पासवर्ड बदलला आणि साफसफाईला बसला. माझ्यापाशी येऊन थांबला.

"बाबा, हे बंदच आहे. काढून टाकतो."

माझ्याबरोबर सगळ्या चिठ्ठ्या जाणार होत्या. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

"नको. त्यात तुझ्या आईच्या चिठ्ठ्या आहेत."

"मग सुरू करू?"

"तेही नको. बघवत नाही."

मी वाचलो, आणि कोंडलेलाच राहिलो. मला त्यांचा राग येत नाही. पण एक गोष्ट आत सलते. सुट्या भागांच्या पानावर बाईंनी जाण्याआधी शेवटची चिठ्ठी लावली होती. माझं बटण बंद होईपर्यंत दुकान बंदच होतं, म्हणून मिस्त्रींनी ते पान उघडलंच नाही. आता रोज उघडतात, आणि चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

मित्रांनो, राखणदाराची कटकट वाटली, तरी बटण दाबण्याआधी त्याच्याजवळ काय काय ठेवलंय ते एकदा बघून घ्या. त्या चिठ्ठीत लिहिलंय, "अहो, लाल पट्टी बंद करू नका. माझ्यामागे तुम्हाला ओरडायला कोणीतरी हवं."