येताना डावीकडे होता

मित्रांनो, माझ्या शेजारून तुम्ही शंभरदा गेला असाल, पण मला कोण ओळखतंय! मी डांबराचा ड्रम. पत्रा गंजलेला, अंगावर लाल-पांढरे पट्टे, तेही निम्मे उडालेले, आणि पोटात दगड. चार वर्षं झाली, एका मोरीवर उभा आहे. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून नळ टाकतात ना, तीच मोरी.

कारखान्यात माझ्या पोटात डांबर भरलं, मला ट्रकमध्ये चढवलं आणि या रानात आणून टाकलं. तेव्हा गावोगाव पक्के रस्ते बांधायची सरकारची योजना जोरात चालू होती. इथे आधी नुसती चिखलाची वाट होती. आजारी माणसाला चौघांनी उचलून न्यावं लागे, आणि मोठी शाळा लांब म्हणून पोरं घरीच बसायची. मग खडी आली, रोलर आला, माझ्या पोटातलं डांबर तापवून ओतलं गेलं. रस्ता थंड झाला तशी म्हातारी माणसं पायातलं काढून त्यावर चालून पाहायला लागली. त्या रस्त्यात मी आहे, हे मी आजही ऐटीत सांगतो. हसायचं तर हसा.

रिकामा झाल्यावर मात्र मला कोणी विचारेना. मुकादमाच्या शेडमागे आडवा पडलो होतो, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथून मला बाहेर काढलं ते पहारकाकांनी.

काका म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे सरकारी कामगार. बारा किलोमीटरचा रस्ता आणि माणूस एक! झुडपं तोडायची, गटारं मोकळी करायची, खड्डे बुजवायचे. हातात कायम पहार, म्हणून ते पहारकाका. एका पावसाळ्यानंतर या मोरीवर परातीएवढा खड्डा पडला. साहेबांच्या ऑफिसकडून गावाकडे येताना डाव्या बाजूला. मुकादमाच्या माणसांनी वरून खडी-डांबर टाकून तो असा गुळगुळीत केला की खड्डा होता हेही कळू नये. काकांनी तिथे पहार आपटली आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाज पोकळ आला.

"साहेब, वरून मलमपट्टी झाली, पण आत काही राहिलं नाही. नळाचा सांधा उघडलाय. पाणी भराव खातंय."

साहेब म्हणजे तरुण इंजिनिअर. माणूस वाईट नाही, पण चाळीस रस्ते एकट्याच्या गळ्यात. ते म्हणाले, "मी नव्या मोरीचा प्रस्ताव पाठवतो. तोवर तात्पुरतं काहीतरी ठेवा तिथे."

ते तात्पुरतं काहीतरी म्हणजे मी. काकांनी मला रंगवलं, पोकळीच्या बरोबर वर उभं केलं आणि वारा-वाहनाने हलू नये म्हणून पोटात दगड भरले. प्रस्ताव गेला. परत आला. पुन्हा गेला. कागदी घोडे नाचत राहिले आणि माझ्या पायाखालची माती जात राहिली. तुम्हाला वाटेल, ड्रमला काय कळतंय! अहो, मला नाही तर कुणाला कळणार? उजव्या बाजूने ट्रक गेला की माझ्या पोटातले दगड कुरकुरायचे. पहिल्या वर्षी थोडे, दुसऱ्या वर्षी जास्त. मागच्या वर्षी तर साधी सायकल गेली तरी ते हलायला लागले. मला भीती वाटायची, मित्रांनो. खरंच वाटायची. पण मी तिथे आहे म्हणून कुणाचं चाक तिथे जात नाही, एवढा एकच दिलासा होता.

काकांची लेक शाळेची जीप चालवते. बारा पोरं सकाळी घेऊन जाते, संध्याकाळी पाचला परत आणते. काका तिला रोज बजावायचे.

"ड्रम असेल त्या बाजूला चाक घालायचं नाही."

"बाबा, पाठ झालंय हो! डोळे मिटूनही ड्रमाला वळसा घालीन."

"डोळे मिटून नको. उघडे ठेवून घाल."

पोरं मला ड्रमोबा म्हणायची, हात करायची. लाडावलो होतो मी, खोटं कशाला बोलू.

आणि परवा वरून मोठे अधिकारी येणार असा निरोप आला. रस्त्याची स्थिती पाहायची, जागोजागी फोटो काढायचे, ते मोबाईलमधून थेट वरच्या ऑफिसात जाणार. काल काकांना सकाळीच पार पलीकडच्या टोकाला झुडपं तोडायला धाडलं. दुपारी गाड्या आल्या. साहेबांनी मोबाईल डोळ्यांपुढे धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मुकादम, हा ड्रम मध्ये येतोय. जरा बाजूला घ्या. फोटो झाले की होता तिथे ठेवा."

दोघांनी मला आडवं केलं. दगड भसाभस बाहेर पडले. फोटो निघाला, झकास आला म्हणे. मग अधिकाऱ्यांची जड गाडी त्याच मोकळ्या जागेवरून, माझ्या जागेवरून, पुढे गेली. मी कडेला लोळत पाहत होतो. डांबराला केसाएवढी चीर गेली. पुढे आणखी दोन मोऱ्यांवर माझ्यासारखेच दोन ड्रम होते. तेही असेच हलवले असणार.

तासाभराने मुकादम परत आला. आता तो पलीकडून, गावाकडून येत होता. उतरला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्ता दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत.

"कुठे होता रे हा?"

"येताना डावीकडे होता," त्याचा माणूस म्हणाला.

"मग ठेव डावीकडे."

आणि त्यांनी मला आपल्या डावीकडे उभं केलं. अहो, येताना डावीकडे म्हणजे जाताना उजवीकडे! एवढं साधं, पण घाईत दोघांनाही सुचलं नाही. हाताला आले तेवढे चार दगड आत टाकले आणि ते गेले.

आता मी धडधाकट जमिनीवर उभा होतो आणि पोकळी माझ्यासमोर उघडी पडली होती. लाल-पांढरे पट्टे मिरवत मी सगळ्यांना सांगत होतो, इकडे धोका आहे, तिकडून जा. चार वर्षं इमानाने उभा राहिलो आणि आता धादांत खोटं बोलत होतो. तोंड असतं तर ओरडलो असतो.

पाच वाजले. ऑफिसच्या बाजूने जीप आली. पोरांचं गाणं ऐकू येत होतं. त्याच वेळी गावाकडच्या वळणावर काका दिसले, खांद्यावर पहार टाकून दमत चालत येत होते. त्यांनी मला पाहिलं. माझी बाजू पाहिली. आणि गुडघ्याने अधू असलेला तो माणूस धावत सुटला.

"थांब! पोरी, थांब!"

तिला ऐकू गेलं नाही. शिकवल्याप्रमाणे तिने मला वळसा घातला आणि जीप पोकळीकडे वळवली. काका सरळ पोकळीवर जाऊन उभे राहिले, पहार आडवी धरून. जिथे मी असायला हवं होतं, तिथे.

ब्रेक किंचाळले. पुढचं चाक चिरेपासून हातभर अंतरावर थांबलं. काकांनी हातानेच मागे जा, मागे जा केलं. जीप मागे सरली. सगळी मागे सरली, हे पाहूनच त्यांनी पाय उचलला, आणि तेवढ्यात त्यांच्याखालचा रस्ता बसला. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. खडी, डांबर, भराव आणि काका, सगळं नळावर गेलं.

बारा पोरं सुखरूप आहेत. काकांना दवाखान्यात नेलंय.

आज सकाळी साहेब आले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. काकांची लेक घरून कपडे न्यायला जीप घेऊन आली होती. साहेबांनी तिला हात करून थांबवलं.

"ताई, पुढचे दोन ड्रमही मुकादमाने परत ठेवलेत. ते मुळात कोणत्या बाजूला होते, त्याला आठवत नाही. मी फोटो पाहिले, पण फोटोत ड्रमच नाहीत. बाबांना विचाराल का?"

ती म्हणाली, "बाबा अजून शुद्धीवर आलेले नाहीत, साहेब."

एवढ्यात सकाळची दुधाची गाडी आली. मागे रिकाम्या कॅनवर दोघं बसलेले. खचलेली बाजू टाळून ती मला खेटून सावकाश गेली आणि पुढच्या दोन मोऱ्यांच्या दिशेने तिने वेग घेतला. ताईच्या लक्षात आलं. तिने जीप सुरू केली आणि हॉर्न दाबून धरला.

मित्रांनो, रस्त्यात कुणी अडून उभा असेल तर त्याला हलवण्याआधी विचारा, बाबा रे, तू इथे का उभा आहेस? आणि त्याला ज्याने उभं केलं, त्या माणसाला विचारा, तो सांगू शकतोय तोवर.

जीप वळणाआड गेली. हॉर्न अजून वाजतोय.