न उघडलेली मूठ

वाडगा पितळेचा होता, पाणी कोमट होतं आणि शंभरेक बायका श्वास रोखून त्या पाण्याकडे बघत होत्या. पाण्यात एक वाळकी, तपकिरी, काड्याकाड्यांची मूठ तरंगत होती. लिंबाएवढी, सगळी बोटं आत ओढून घेतल्यासारखी. वाडग्यामागे उंच खुर्चीवर मूठमाय बसली होती. डोळे मिटलेले, आवाज मधात घोळवलेला.

मूठ गं मूठ बाई, कुणाची ही मूठ,
पाण्यात सोडली, सोडव गं गाठ.
सात कुलुपं, सात गं दारं,
मायेच्या हाकेला उघडतं सारं.

आवाज चांगला होता, हे कबूल करायला हवं. ठेका असा की पोटातल्या पोरानंही डुलावं. अर्ध्या तासात तेच चार चरण तिनं किती वेळा घोळवले कोण जाणे, पण शेवटी मूठ खरंच हलली. आधी एक काडी बाजूला झाली, मग दुसरी, मग सगळ्याच हळूहळू बाहेर कलल्या आणि वाडग्यात तपकिरी फूल पसरलं. हॉलभर हुंदका फुटला. समोर बसलेली बेकरीवाल्याची सून नवव्या महिन्याचं पोट सावरत पाया पडायला वाकली. मायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुझी वाट मोकळी झाली, म्हणाली. ही वाळून पुन्हा मिटेल; कळा सुरू झाल्या की हीच मूठ उशाशी पाण्यात ठेव. इकडे ही उघडेल, तिकडे तू सुटशील.

बंद पडलेल्या छापखान्याच्या त्या हॉलमध्ये, शाईचे डाग पडलेल्या फरशीवर, पाचव्या रांगेत मी बसले होते. छत्तिसावा आठवडा, पाय सुजून चपलेत न मावणारे, शेजारी सासूबाई.

फर्निचरच्या कारखान्यात मी पॉलिशचं काम करते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा कापडात गुंडाळायचा आणि हलक्या हातानं फिरवत राहायचं. नवरा त्याच कारखान्यात सुतार. पाचव्या महिन्यात नर्सबाईंनी सांगितलं, स्पिरिटचा वास बाळाला बरा नाही, तेव्हापासून मी घरी होते. घरी बसून सगळी तयारी केली होती. जुनी मऊ कापडं उकळून, घड्या घालून ठेवली. इवलीशी झबली शिवली, एकाची बाही दुसऱ्यापेक्षा लांब. पिशवी भरून दाराच्या खुंटीला टांगली आणि तिच्या वरच्या कप्प्यात दवाखान्याचं कार्ड ठेवलं. त्या कार्डावर गेल्या आठ आठवड्यांचा रक्तदाब लिहिलेला होता आणि शेवटचे तीन आकडे नर्सबाईंनी लाल शाईनं लिहिले होते. "डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे ठिपके नाचले किंवा छातीखाली दुखलं," त्या म्हणाल्या होत्या, "तर विचारत बसायचं नाही. निघायचं."

सासूबाईंना मात्र दवाखान्याच्या आकड्यांपेक्षा जास्त काहीतरी हवं होतं. त्यांची पहिली मुलगी जन्मली आणि तासाभरात गेली. त्याला बत्तीस वर्षं झाली, तरी माझ्या पोटाकडे बघताना त्यांची नजर अजून तिथंच अडकायची. नर्सबाई म्हणायच्या, सगळं नीट व्हावं म्हणून आपण लक्ष ठेवू. मूठमाय म्हणायची, सगळं नीट होणारच. घाबरलेल्या माणसाला दुसरं वाक्य गोड लागतं, आणि मायचा सगळा धंदा त्या गोडव्यावर चालायचा.

रांगेत मायची एक मदतनीस फिरायची. तिला आम्ही नंतर गोडबोली म्हणू लागलो. पाणी द्यायची, पाठीमागे उशी सरकवायची आणि बोलता बोलता सगळं काढून घ्यायची. कितवं बाळंतपण? आधीचं सोपं गेलं का? दवाखान्यात नाव घातलंय? घरात कधी कुणाचं काही वाईट झालंय का? सासूबाईंनी तिला बत्तीस वर्षांपूर्वीची ती सकाळ सांगितली. सांगताना रडल्याही. गोडबोलीनं त्यांचे डोळे पुसले आणि मायच्या खुर्चीमागच्या पडद्याआड गेली.

माझी पाळी आली. टोपलीतून माझ्यासाठी एक मूठ आली, पाण्यात पडली आणि गाणं सुरू झालं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, मूठ दगडासारखी. मागच्या रांगांमध्ये कुजबुज सुरू झाली. मायनं डोळे उघडले, माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे बघितलं.

"घरातली एक लेक गेलीय ना?" ती म्हणाली. "तीच आडवी आलीय. हिला सुटू देत नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. मी त्यांचा दुसरा हात धरला.

उपाय तयारच होता. एकवीस दिवस हॉलमागच्या खोलीत पैसे भरून मुक्काम करायचा, मायच्या हातचा काढा प्यायचा आणि तोवर दवाखान्याचं तोंड बघायचं नाही. लोखंडाचं हत्यार जवळ आलं की मूठ आणखी आवळते म्हणे. आणि दवाखान्याचं कार्ड मायच्या दोरीवर बांधायचं. भिंतीवर ती दोरी होती. तिच्यावर माझ्यासारख्या कितीतरी जणींची कार्डं वाळत घातल्यासारखी लटकत होती. सासूबाईंनी बरोबर आणलेल्या पिशवीतून माझं कार्ड काढून दिलं. मी अडवलं नाही, कारण इतक्या बायकांसमोर सासूचा हात झटकायची माझी हिंमत झाली नाही. ही चूक माझी, ती मी मायच्या नावावर टाकत नाही.

मुक्कामाला दुसऱ्या दिवसापासून यायचं ठरलं. रात्री उशाशी ठेवायला माझी बंद मूठ माझ्याबरोबर दिली.

घरी आल्यावर मी ती खिडकीत ठेवली. उतरतं ऊन तिच्यावर पडलं आणि ती चमकली. वाळकी काडी चमकत नाही, ती ऊन गिळून टाकते. मी ती हातात घेऊन फिरवली. एका काडीच्या टोकाशी पिवळसर, पारदर्शक थेंब सुकून बसला होता.

ओघळ. नवशिक्या हातानं पॉलिशचा बोळा जास्त भिजवला की कडेला असाच ओघळ येतो. माझ्या पहिल्या महिन्यात कारखान्यातल्या मिस्त्रींनी मला ओघळांवरून रोज बोल लावले होते, "बाई, टेबल रडतंय की काय?" तो थेंब मी झोपेतही ओळखला असता. मग नवऱ्यानं सांगितलेलं आठवलं, गोडबोली महिन्यापूर्वी आमच्याच कारखान्यातून लाखेच्या पॉलिशची बाटली घेऊन गेली होती. मायच्या खुर्चीला लावायचंय म्हणाली होती. आणि मायची खुर्ची मी आज समोरून बघितली होती. तिच्यावर पॉलिशचा टिपूसही नव्हता, हाताला लाकडाची कुसं बोचली असती.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं मूठ नखानं खरवडली आणि वास घेतला. "आईला कोण सांगणार?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, सांगून पटणार नाही, दाखवावं लागेल. त्यानं स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं काढून ठेवलं.

सकाळी मिस्त्रींच्या टेम्पोतून आम्ही निघालो. सासूबाईंना वाटलं, मुक्कामाचं सामान पोचवायचंय. माझं डोकं उठल्यापासून जड होतं. झोप झाली नाही म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. आपणही स्वतःला गोड बोलून फसवतोच.

हॉल भरलेला होता. मी सरळ वाडग्यापाशी गेले आणि म्हटलं, माय, माझी मूठ पुन्हा पाण्यात सोडायचीय, फक्त आधी पुसून घेते. मायनं हसून सांगितलं की पापानं मिटलेली मूठ फडक्यानं पुसून उघडत नसते. मी म्हटलं, मग पुसायला हरकत नाही. बायका हसल्या. तेवढं हसू मला पुरलं.

फडकं स्पिरिटमध्ये भिजवून मी काडी न् काडी चोळली. पांढरं फडकं तपकिरी झालं. ते वर धरून मी सगळ्यांना दाखवलं. सांगितलं, हे पाप नाही, हे लाखेचं पॉलिश आहे. टेबलावर पाणी सांडलं तरी लाकडात शिरू नये म्हणून लावतात ते. पॉलिश न केलेलं दार दमट हवेत फुगून चौकटीत अडकतं, पॉलिश केलेलं अडकत नाही. ही मूठही तशीच. कोरड्या प्रदेशातलं हे एक झुडूप आहे, वाळलं की फांद्या आत ओढून घेतं. पाणी मिळालं की काड्या पाणी पितात, फुगतात आणि सरळ होतात. झाड मेलेलं असलं तरी होतात, कुणी गायलं नाही तरी होतात. मायला जिची उघडायची तिला कोरी मूठ मिळते. जिची उघडायची नाही तिला पॉलिशची.

"आणि कुणाची उघडत नाही, आठवून बघा," मी म्हटलं. "जिचं नाव दवाखान्यात आहे तिची. ज्यांची आधीची बाळंतपणं सोपी गेली त्यांच्या मुठी उघडतात. त्या सुटल्या की मायची कृपा. आम्ही अडलो की आमचं पाप."

पुसलेली मूठ मी पाण्यात सोडली. मायनं गाणं सुरू केलं. मी म्हटलं, नाही, गप्प बसून बघू. आणि हॉल गप्प झाला. गोडबोली पडद्याकडे सरकायला लागली तर नवरा पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणाची वाट अडवली असेल. मिस्त्रींनी टोपलीतली एक कोरी मूठ उचलून दुसऱ्या वाडग्यात टाकली आणि आपल्या सुटलेल्या पोटावर हात ठेवून बसले. "माझ्या नावानं," ते म्हणाले. "बघू मी कधी सुटतोय."

वाट बघता बघता पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागले. मी डोळे चोळले. ठिपके मायच्या तोंडावर होते, भिंतीवर होते, छतावर होते. छातीखाली कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. मी सासूबाईंकडे वळले आणि ठिपके, एवढंच म्हणू शकले. नर्सबाईंचं बोलणं त्यांनीही ऐकलेलं होतं.

नेमकी तेव्हाच वाडग्यात पहिली काडी हलली. मागून कुणीतरी ओरडलं, उघडतेय. सगळ्या माना तिकडे वळल्या. सासूबाईंनी वळून बघितलंसुद्धा नाही. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि दोरीवरून माझं कार्ड ओढून काढलं. मग मायच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या लेकीनं एक तासच बघितलं हे जग," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तिच्या नावावर तू हे घालत होतीस."

मायनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सासूबाई थांबल्या नाहीत. मिस्त्रींना म्हणाल्या, "भाऊ, टेम्पो काढा. तुमचं बाळंतपण नंतर."

दवाखान्यात डॉक्टरांनी कार्डावरचे लाल आकडे बघितले, पट्टा बांधून नवा आकडा घेतला आणि मग कुणी एक क्षण वाया घालवला नाही. सुई, औषध, अंधारी खोली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. अडीच किलोला जरा कमी, पण आवाज खणखणीत. डॉक्टर म्हणाले, काढा पीत एकवीस दिवस बसली असतीस तर आम्हाला बहुतेक फक्त कागद भरावे लागले असते. असं बोलू नये माणसानं, पण बोलले ते बरं झालं.

हॉलमध्ये पुढे काय झालं ते बेकरीवाल्याच्या सुनेनं येऊन सांगितलं. पुसलेली मूठ पूर्ण उघडली. मिस्त्रींच्या नावाचीही उघडली, पाकळ्या पाकळ्या झाल्या. मायनं सांगायचा प्रयत्न केला की आशीर्वाद चुकून त्यांच्यावर पडला, तर बायका हसत सुटल्या. मग एकजण उठली आणि दोरीवरून आपलं कार्ड काढून घेतलं. मग दुसरी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची कार्डं शेजारणींनी शोधून दिली. शेवटी दोरीवर एकच कार्ड उरलं, मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईचं. ती उन्हाळ्यात मुक्कामाला राहिली होती. तिचं बाळ पोटातच गेलं, आणि माय म्हणाली होती की ती फार उशिरा आली. त्या कार्डाकडे बघून मग कुणी हसलं नाही.

मूठमाय आठवड्याभरात वाडगे, टोपली, गाणं घेऊन निघून गेली. कुठे गेली ते कळलं नाही. दुसरीकडे दुसरा हॉल मिळाला असेल, आणि तिथंही घाबरलेल्या सासवा असतीलच. म्हणून हे लिहिते आहे.

तुमच्या दारी ती आली तर तिला एकच सांगा, तुझ्या टोपलीतली कुठली मूठ घ्यायची ते मी ठरवणार, आणि गाणं नको. ती नाही म्हणाली की काय समजायचं ते समजा. भीती वाटणं चूक नाही; मलाही वाटली होती. पण भीतीला उत्तर हवं असेल तर ज्याचं उत्तर तपासून बघता येतं त्याच्याकडे जा. आपलं कार्ड कुणाच्या दोरीवर बांधू नका. आणि शरीर हाक मारतंय असं जाणवलं, तर त्या वेळी पाण्यातल्या काड्या बघत बसू नका.

आत्ता मुलगी माझ्या मांडीवर आहे. अंगात ते लांब बाहीचं झबलं, मुठी गच्च आवळलेल्या. सासूबाई शेजारी बसून बघतायत. दूध पोटात गेलं, की आधी एक बोट सैल होतं, मग दुसरं, मग सगळा तळवा पसरतो. रोज पाच-सहा वेळा हे होतं आणि सासूबाई प्रत्येक वेळी पुढे वाकून बघतात. काल म्हणाल्या, "पोट भरलं की उघडते गं. एवढंच आहे होय त्यात."

एवढंच आहे त्यात.