पक्की जाळी

"सरकती नको. पक्की बसव," ताई म्हणाली.

लाकडी जाळीची चौकट दोन्ही हातांनी खिडकीत तोलून धरलेल्या सुताराने मान वळवली. "रूळ टाकले तर बाईंना वाटेल तेव्हा उघडता येईल. लगेच होईल काम."

"पक्की म्हटलं ना."

"तुम्ही म्हणाल तसं." त्याने पाचर ठोकली. "पण बाग झाकली जाणार हो."

"मावळतीचं ऊन डोळ्यांवर येतं. बाईंना त्रास होईल."

हे बोलताना ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. चौकटीच्या कोपऱ्यातला भुसा ती बोटाने झटकत राहिली. उन्हाचं निमित्त होतं. खरं कारण खिडकीबाहेर हिरवंगार उभं होतं, आणि ते तिच्या सख्ख्या बहिणीने लावलेलं होतं.

घर एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. आतली सजावट ताईकडे, बाग धाकटीकडे. धाकटीला सगळे चिमणी म्हणत. चाळिशी उलटली तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. रिकाम्या खोलीत आधी मुकाट जमिनीवर बसायचं, उजेड कुठून येतो आणि कुठे टेकतो ते बघायचं, मगच पेन्सिल उचलायची, हे चिमणीला ताईनेच शिकवलेलं. आता लोक लांबलांबून म्हणे चिमणीच्या बागा बघायला येतात. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताई चारचौघांत हसत हसत म्हणायची. एकटी असली की त्यातलं तिखट तेवढं उरायचं.

बैठकीच्या खोलीत ताईने जीव ओतला होता. खिडकीसमोरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, थरावर थर देऊन, गुळगुळीत गोट्याने स्वतः घोटलेला. बाईंच्या खुर्चीचे हात मुद्दाम रुंद, उठताना आधार मिळावा म्हणून. पण घरात शिरणारा जो तो या खोलीतून चाळणीतलं पाणी जावं तसा निघून जायचा. नजर सरळ खिडकीबाहेर. "अहाहा, काय बाग केलीय!" बाईंची भाची तेच म्हणाली, शेजारी तेच म्हणाले, शेगडी जोडायला आलेला माणूससुद्धा पाना हातात घेऊन बागेकडे बघत बसला. सगळ्यांची भिंतीकडे पाठ. तेव्हा पाणी प्यायचं निमित्त करून ताई आत निघून जायची. आपल्या खोलीत कुणीतरी घटकाभर थांबावं, एवढंच तर तिचं मागणं होतं.

चिमणी मध्यंतरी बागेचा नकाशा घेऊन आली होती. "बाहेरचं तुझं तू बघ," ताई म्हणाली होती. "मला आतलं पुरे आहे." चिमणीने नकाशाची गुंडाळी केली आणि चहा न घेताच गेली.

म्हणून ही जाळी. पट्ट्या तिरक्या, आतल्या बाजूला उतरत्या. आभाळाचा उजेड आत यावा, पण नजर खाली बागेत उतरू नये. सुरुवात केली होती आकसाने, पण हातांना वाईट काम करायची सवय नव्हती. कड न् कड तिने स्वतः घासली. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम मत्सरापोटी हातून व्हावं, याची तिला थोडी लाज वाटली. थोडीच.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला बाई राहायला आल्या आणि खोलीच्या दारातच थबकल्या.

"अगं बाई! ही कधी केलीत?" काठी टेकत त्या जाळीपाशी गेल्या, पट्टीवरून बोट फिरवलं. "साऱ्या घरात मला हीच आवडली बघा."

भाची मोबाइल काढून फोटो घेऊ लागली. बागेचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. ताई उशीचे कोपरे नीट करत होती. ते आधीच नीट होते.

एवढ्यात चिमणी आत आली, हात कोपरापर्यंत ओले. "ताई, खिडकीसमोरच्या कुंडात पाणी सोडलं. आता बघ हं..."

जाळीकडे तिने ओझरतं पाहिलं आणि मग वळून भिंतीकडे. भिंत नुसती उभी होती.

"छान झालीय," ती म्हणाली. "कडा तूच घासल्यास ना? कळतंय."

"हो."

"पक्की आहे?"

"पक्की."

"हं. नळ बंद करून येते." ओढणीला हात पुसत ती निघून गेली.

बाई खुर्चीत टेकल्या. "अहो, पण भिंतीवर काहीतरी दिसणार होतं ना आज? कुठाय ते?"

"काय दिसणार होतं?"

"मला काय ठाऊक? तुमची बहीण त्या कुंडाच्या जागी आरसा धरून बसायची आणि मला इथे उभं करून तिकडून ओरडायची, 'बाई, भिंतीवर आलं का?' मी म्हटलं, अगं, बाग करतेस की लपंडाव खेळतेस? तर म्हणाली, 'सगळे माझी बागच बघतात, ताईची भिंत कुणी बघत नाही. पाणी भरू दे, मग बघा.'" बाईंनी जीभ चावली. "तुम्हाला सांगू नका म्हणाली होती. सांगून बसले की मी."

ताईला पहिल्यांदा आला तो राग. म्हणजे माझी भिंतसुद्धा हिच्या पाण्यावाचून कुणी बघायची नाही! इथेही हीच! ताई स्वतः गप्प राहिली असती तर काहीच बिघडत नव्हतं. जाळी राहिली असती, कौतुक राहिलं असतं, आणि चिमणी मेली तरी बोलली नसती. तेच तर. ती बोलली नसती.

आभाळ पिवळं होऊ लागलं होतं. स्वयंपाकघरात सुतार कपाटाच्या मुठी बसवत होता. ताईने त्याला हाक मारली.

"जाळी काढ."

"अहो, काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या. "इतकी सुंदर जाळी!"

"माझ्या मापात चूक झालीय."

"तुमच्या मापात?" सुतार हसलाच. "काडीचाही फरक नाही ताई, मी स्वतः..."

"चूक झालीय म्हटलं ना. काढ."

चिमणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ताईचं माप कधी चुकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पाचरी निघाल्या. चौकट बाजूला झाली तसा भिंतीच्या मध्यावर उजेडाचा एक तुकडा थरथरला. मग बाहेर वाऱ्याने कुंडातलं पाणी हललं आणि सगळी भिंत हलू लागली. घोटलेल्या चुन्यावर लाटा सरकत होत्या, फुटत होत्या, पुन्हा जुळत होत्या. भाचीचा मोबाइल हातातच राहिला. बाईंनी खुर्ची फिरवून घेतली, बागेकडे पाठ केली आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

"काय भिंत केलीत हो!" त्या हळूच म्हणाल्या.

"गिलावा माझा," ताई म्हणाली. "उजेड हिचा."

"हो का?" बाई म्हणाल्या, पण भिंतीवरची नजर त्यांनी काढली नाही. सुतारही तिकडेच बघत होता.

ताईने चिमणीकडे पाहिलं. चिमणी भिंतीकडे बघत नव्हती. बागेकडे फिरलेल्या त्या सगळ्या पाठींकडे ती बघत होती. चेहऱ्यावर हसू होतं, पण नजर निराळी होती. ती नजर ताईच्या चांगलीच ओळखीची होती. चिमणी वळली आणि म्हणाली, "पाणी पिऊन येते."

ताई तिच्या मागोमाग गेली. स्वयंपाकघरात चिमणी रिकामा पेला हातात धरून उभी होती.

"चिमे," ताईने बागेच्या बाजूचं दार उघडलं आणि पायात चपला सरकवल्या. "चल, बाग दाखव. मी अजून धड बघितलीच नाहीये."