पहिली मूठ

भावजींचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि माझ्या ताईच्या घरात पहिल्यांदा शांतता आली. ऐकायला वाईट वाटत असेल तर वाटू दे. मी रूथ, एस्थरताईची धाकटी बहीण, आणि इझिकेल भावजींचा जेवतानाचा अवतार मी डोळ्यांनी पाहिलाय. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध जरा पातळ पडलं की ताट थेट अंगणात. एकदा ते ताईच्या मनगटावर बसलं, तो वण अजून आहे. ती बिचारी खाली बसून सांडलेला भात वेचायची आणि दुसरं ताट वाढायची. रोह्यातल्या त्या घरात मी जेवायला जायचंच सोडलं होतं.

सत्तरी ओलांडल्यावर भावजींच्या छातीत कळ आली. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रात्रीची एक गोळी कायमची लावली आणि तळलेलं, चरबीचं मटण, खोबरं, नारळाचं दूध असं सगळं बंद केलं. आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून सगळी मदार नारळावर. नारळ गेला म्हणजे जेवणच गेलं.

ताईनं डॉक्टरांचा शब्द असा उचलून धरला की काही बोलायची सोय नाही. भावजींना उकडलेला दुधी आणि नाचणीची कोरडी भाकरी. स्वतःला नारळाच्या दुधातलं मटण, आणि तेही त्यांच्यासमोर बसून, बोटं चाटत. एकदा ते म्हणाले, जरा रस्सा तरी दे. ताई शांतपणे म्हणाली, डॉक्टर नाय म्हणालेत. खरं सांगते, मला बरं वाटलं.

वर्षभरानं दोघं तपासणीला पेणला आली. मी तिथंच रामवाडीत राहते, म्हणून मीही दवाखान्यात गेले. भावजी बाहेर वजन करून घेत होते, तेवढ्यात डॉक्टर आम्हा दोघींना म्हणाले, रिपोर्ट छान आहे, गोळी मात्र चुकवायची नाही. पण माणूस फार वाळलाय. आठवड्यातून एकदा बिनचरबीच्या मटणाचे दोन तुकडे द्या, सणासुदीला थोडं खोबरं द्या, पोटभर जेवू द्या. ताईनं मान हलवली. बाहेर येऊन भावजींना म्हणाली, डॉक्टर म्हणतात, अजून कडक पाळा. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी ब्रसुद्धा काढला नाही.

पुढे त्यांची लेक शीरा इस्रायलहून आली ती नवस फेडायला. बापाचं दुखणं हटलं तर एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा करीन, असं ती तिकडून बोलली होती. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्या घरची रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस त्यानं पहिली मूठ खायची, मग बाकीच्यांनी. त्या एका मुठीसाठी भावजी पोरासारखे ताईच्या मागे मागे फिरत होते. ती नाय म्हणजे नाय. शेवटी ठरलं, मूठ त्यांनी नुसती ओठांना लावायची.

प्रार्थना झाली. भावजी मूठ घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलायलाच लागले. मी हिच्यावर ताटं फेकली, म्हणाले. दुसरी कुणी असती तर मागेल ते खाऊ घालून मला कधीच पोचवलं असतं. ही माझे शिव्याशाप घेते, पण मला जगवते. बोलताना रडत होते. शीरा रडली, पाहुण्यांनी डोळे पुसले. ताई पांढरीफटक पडली होती.

ती पुढे झाली, त्यांचं मनगट धरून म्हणाली, "खा. डॉक्टर म्हणालेत, आता खाऊ द्या."

भावजींचं रडं जागच्या जागी थांबलं. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर नेमकं हेच म्हणाले होते, आणि महिन्याभरात ती गेली. आशा सुटली की डॉक्टर पथ्य सोडतात, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"कधी म्हणाले?"

"मागल्या तपासणीला."

"म्हणून लपवलंस." त्यांनी मूठ तिच्यासमोर धरली. "एस्थर, नाय म्हण गो. खायचं नाय म्हण."

मी मध्ये पडले, रिपोर्ट चांगला आहे म्हणून घसा कोरडा केला. त्यांना वाटलं, दोघी बहिणी मिळून समजूत काढतायत. अखेर ताईला म्हणावंच लागलं, नाय, ठेवा खाली. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. पहिली मूठ त्यांनी शीराच्या ओंजळीत टाकली.

शीरा परत गेली. आम्ही भावजींना पुन्हा पेणला नेलं, डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं, आता नीट जेवा. त्यांनी हात जोडले, आणि घरी येऊन म्हणाले, शीराला बोलावून घ्या, फार दिवस नाय राहिले माझे. गोळी न चुकता घेतात, पण अंगाची नुसती काडी झालीय. ताई बिनचरबीचं मटण आणते, बेताचा नारळ घालून रस्सा करते, आधी स्वतः खाऊन दाखवते. ते ताट दोन बोटांनी हळूच तिच्याकडे सरकवतात आणि दुधी मागतात.

परवा मी तिथंच होते. ताट सरकवून भावजी हात धुवायला गेले. ताई मनगटावरचा वण चोळत त्या ताटाकडे बघत बसली.

"रूथ," ती म्हणाली, "फेकायचे तेच बरं होतं गो."